त्रेचाळीस अंगठे

"आई, आज सकाळपासून तुझ्याशी कोण कोण बोललं?" शुक्रवारी दुपारी लेकीने फोनवर विचारलं.

"दोनशे बारा माणसं," कंडक्टरबाई म्हणाल्या.

"ग्रुपवरची सोड. तोंडाने कोण बोललं?"

कंडक्टरबाईंनी आठवून पाहिलं. सकाळी लिफ्टमध्ये एक मुलगी "तिसरा ना?" असं म्हणाली होती, पण ती आपल्याशी बोलली की बटणाशी, याची त्यांना खात्री नव्हती. दार नीट लागलं नाही म्हणून फ्रिज दोनदा बोलला होता. त्याला धरलं तरी दीडच माणूस होत होतं.

"बघ," लेक म्हणाली. "म्हणून सांगते, ते घर काढून टाक आणि इकडे ये. तुझी खोली रंगवून झाली. फिकट निळी."

कंडक्टरबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. एकतीस वर्षं त्यांनी शहराच्या बसमध्ये तिकिटं फाडली होती. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी इमारतीत आणि दुकानात त्या कंडक्टरबाईच होत्या. लेकीचं घर दुसऱ्या शहरात, अठराव्या मजल्यावर. तिथे त्या एकदा आठ दिवस राहून आल्या होत्या. लेक एकटी, दिवसभर जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला कानात बोंडं खुपसून कॉम्प्युटरशी बोलत बसायची. खिडकीतून खाली पाहावं तर माणसं मोहरीएवढी. जिने आयुष्यभर चेहरा बघून माणूस कुठल्या स्टॉपला उतरणार ते ओळखलं, तिला वरून नुसती डोकी दाखवायची म्हणजे शिक्षाच की. नवव्या दिवशी त्या नळाला पाणी येतंय का बघायला म्हणून घरी आल्या त्या आल्याच.

"मी काही एकटी नाही गं. माझी माणसं आहेत इथे."

"दाखव मग. रविवारी पाच वाजता व्हिडिओ कॉल करते. तुझ्या घरात, तुझ्यासोबत बसलेली दहा माणसं दाखव, घराचा विषय जन्मात काढणार नाही. नाही दिसली, तर पुढच्या रविवारी खोकी घेऊन येते."

"दहा?" कंडक्टरबाईंनी नाक उडवलं. "दहा माणसांच्या गाडीला आम्ही रिकामी गाडी म्हणायचो."

उचलली जीभ लावली टाळ्याला. फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी घरी कोण कोण येतं ते बोटांवर मोजून पाहिलं. मग त्यांनी चष्मा पुसला आणि ग्रुप उघडला.

ग्रुपचं नाव ‘डबल बेल’. दोनदा बेल वाजली की गाडी सोडायची, ही त्यांच्या कामातली खूण. डेपोतून निवृत्त झालेले सगळे त्यात होते, आणि सगळे याच शहरात, कुणी दोन बस बदलून, कुणी चालत येईल एवढ्या अंतरावर. ग्रुपवर पहाटे पाचपासून वर्दळ असे. सूर्योदय, सुविचार, गुडघेदुखीवरचे उपाय. ज्याच्याबरोबर बाईंनी नऊ वर्षं एकाच गाडीवर काम केलं तो ड्रायव्हर रोज न चुकता वाफाळता कप आणि शेजारी गुलाब पाठवायचा. सहा वर्षं तोच गुलाब. सुकायचा नाही, आणि कपातला चहाही कुणी पीत नसे.

बाईंनी लिहिलं : ‘रविवारी दुपारी चार वाजता सर्वांनी माझ्या घरी चहाला यावे. तिसरा मजला. लिफ्ट आहे व ती चालते.’

पाच मिनिटांत पहिला अंगठा आला. मग दुसरा. संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस.

आता, दुसऱ्या कुणी या त्रेचाळीस अंगठ्यांचा काय अर्थ लावला असता ते सांगता येत नाही. पण कंडक्टरबाईंच्या धंद्यात एक गोष्ट वेदासारखी पक्की होती : रस्त्यावरच्या माणसाने हात केला, म्हणजे तो चढणार. एकतीस वर्षांत एकच जण असा निघाला की ज्याने हात केला आणि चढला नाही. तो पलीकडच्या फुटपाथवरच्या मेव्हण्याला बोलावत होता. त्याला बाईंनी गाडी थांबवून असं झापलं की तो मुकाट्याने तिकीट काढून दोन स्टॉप बसला, आणि मेव्हणा मागून सायकल मारत आला.

म्हणून बाईंनी प्रत्येक अंगठ्याखाली लिहिलं : ‘सीट पक्की.’ त्यालाही सगळ्यांनी अंगठे दिले.

*

घरात बसायची सोय अकरा जणांची. चार खुर्च्या, तिघांचा सोफा, आणि पलंगाच्या कडेला चार. म्हणजे बत्तीस खुर्च्या कमी. आणि आलेल्या माणसाला उभं ठेवायचं बाईंच्या मनाला पटेना. उभे प्रवासी एकतीस वर्षं पुरेसे पाहून झाले होते.

शनिवारी सकाळी त्या बाहेर पडल्या आणि त्यांनी दारं वाजवायला सुरुवात केली. या इमारतीत त्या बावीस वर्षं राहत होत्या, पण कितीतरी दारं त्यांनी आज पहिल्यांदा समोरून पाहिली. घंटेच्या बटणावर बोट ठेवताना त्यांना नव्या नोकरीचा पहिला दिवस आठवला. भरल्या गाडीत "तिकीट" हा शब्द तोंडातून फुटायला चार स्टॉप लागले होते.

तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. घरही मागेच.

"बत्तीस?" डॉक्टर म्हणाले. "म्हणजे पूर्ण तोंडच की! माझ्याकडच्या नऊ न्या. पण त्या तीन-तीन जोडलेल्या आहेत, सुट्या होत नाहीत. उद्या सुट्टीच आहे, नाहीतरी रिकाम्याच असतात. खरं म्हणजे सुट्टी नसली तरी..." ते हसले आणि पहिली तीन खुर्च्यांची रांग ओढू लागले.

पहिल्या मजल्यावरच्या व्हायोलिन शिकवणाऱ्या सरांनी फिरतं स्टूल दिलं. "बसणाऱ्याला बजावा, गोल फिरायचं नाही. ते वर जातं, पण खाली यायला तयार नसतं. माझा एक विद्यार्थी अर्धा तास पाय लोंबकळत वाजवत होता."

लिफ्टमध्ये भेटलेली ती मुलगी दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होती. तिच्याकडे एकच खुर्ची होती, पण ती अशी की विमानातून काढून आणल्यासारखी. "न्या ना काकू. मी उद्या उभी राहून काम करीन, पाठीला बरं असतं." मग दारात घुटमळून तिने विचारलं, "त्रेचाळीस माणसं... तुम्हाला सगळी खरंच ओळखतात?"

"मग! माझी डेपोची माणसं आहेत."

"मस्तच," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात हेवा होता, आणि बाईंना फार बरं वाटलं.

आणखी काही घरांतून मिळून तेरा जमल्या. राहिली कुंडीवाली. ती बाईंच्या बरोबर डोक्यावर, चौथ्या मजल्यावर राहायची. चार वर्षांपूर्वी तिच्या कुंड्यांचं मातकट पाणी बाईंच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर गळलं. तोवर दोघी एकमेकींना अगंतुगं करत होत्या. त्या चादरीपासून बोलणं बंद. पण तिच्याकडे आठ घडीच्या खुर्च्या होत्या, हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. अडला हरी... म्हणत बाईंनी घंटा दाबली.

दार उघडलं.

"पाणी गळतंय का?" कुंडीवालीने विचारलं.

"नाही. खुर्च्या हव्या होत्या."

"किती?"

"आठ."

कुंडीवालीचा चेहरा एकदम उतरला. "अगंबाई! कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. यायचेत. त्रेचाळीस जण."

"अस्सं," ती म्हणाली, आणि आवाज पुन्हा कोरडा झाला. "तुम्हाला काय बाई, माणसं पुष्कळ. घ्या. एकीचा पाय लटका आहे, ती जाड माणसाला देऊ नका."

प्रत्येक खुर्चीला बाईंनी तिकीट दिलं. जुन्या पुठ्ठ्याच्या पेट्या कापून त्यांनी जोडतिकिटं केली होती. एक तुकडा खुर्चीच्या पोटाला चिकटवायचा, त्याच नंबरचा दुसरा मालकाच्या हाती. ‘परतीची वेळ : रविवार, संध्याकाळी सहा. तिकीट दाखवल्याशिवाय खुर्ची मिळणार नाही.’

"माझीच खुर्ची मला तिकीट दाखवून घ्यायची?" डॉक्टरांनी विचारलं.

"नियम तो नियम," बाई म्हणाल्या.

लिफ्टच्या चौदा फेऱ्या झाल्या. खुर्च्या मांडून झाल्यावर बाई दारात उभ्या राहिल्या आणि त्यांना स्वतःचंच हसू आलं. दोन इकडे, दोन तिकडे, मधून चालायला वाट, सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे. पाहुण्यांनी समोरासमोर बसायचं असतं हे त्यांच्या हातांना माहीतच नव्हतं. हातांनी आपली बस मांडली होती.

*

रविवारी चार वाजता दार सताड उघडं होतं. टेबलावर शंभर सँडविच, दोन मोठे केक, आणि ट्रेमध्ये त्रेचाळीस कप उपडे. बाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती.

सव्वाचारला त्या स्वतःला म्हणाल्या, ट्रॅफिक असेल. साडेचारला म्हणाल्या, डेपोची माणसं, वेळेवर आली तरच नवल. पावणेपाचला त्यांनी फोन उघडला. ग्रुपवर नुसता धुमाकूळ चालला होता.

‘आज बाईंकडे मज्जा!’

‘आमच्या वाटचा केक ठेवा.’

‘फोटो टाका फोटो!’

प्रत्येकाखाली अंगठ्यांची रांग. वेळेवर हजर होते सगळे. फक्त तिसऱ्या मजल्यावर कुणी नव्हतं.

बाईंनी गुलाबवाल्या ड्रायव्हरला फोन लावला.

"बाई! बोला! कसा चाललाय कार्यक्रम?"

"तुम्ही कुठे आहात?"

"घरी. सोफ्यावर."

"येणार होतात ना?"

"मी? असं कधी म्हणालो?"

"अंगठा दिला होतात."

"अहो, तो कल्पना आवडली म्हणून! फार छान कल्पना काढलीत तुम्ही."

"आणि ‘सीट पक्की’ला?"

"ते वाक्य आवडलं." पलीकडे जरा खाकरणं झालं. "तसं यायचं मनात होतं हो. पण चाळीस-बेचाळीस जण येतायत म्हटल्यावर वाटलं, आपण एक नसलो तर काय अडणार? उगाच गर्दी. तुम्ही फोटो टाका, मी बघतो बरोब्बर."

"अंगठा पोचला," बाई म्हणाल्या. "बाकीचा माणूस कुठाय?"

मग तो वेगळ्याच, खालच्या आवाजात म्हणाला, "इथेच आहे बाई. कधीचा इथेच आहे."

बाईंनी फोन ठेवला आणि आणखी दोघातिघांना लावून पाहिला. वर्कशॉपमधली मैत्रीण म्हणाली, "मी तर अंगठा नव्हे, चक्क हृदय दिलं होतं!" हृदय दिल्यावर आणखी काय द्यायचं, असा तिचा सूर. डेपोतले कंट्रोलरसाहेब म्हणाले, सगळे जाणारच आहेत तर आपण पुढच्या वेळी जाऊ.

बाईंना सगळं समजलं. बंद पडलेल्या गाडीला धक्का मारायला चाळीस उतारू खाली उतरतात. प्रत्येक जण गाडीला हात लावतो, तोंडाने ‘हं, जोर लावा’ म्हणतो, आणि जोर बाकीचे एकोणचाळीस लावताहेत अशी त्याची खात्री असते. गाडी तसूभर हलत नाही. असा प्रसंग बाईंनी पुष्कळदा पाहिला होता. गाडीच्या जागी आपण, एवढाच काय तो यात फरक.

पाच वाजले. फोन वाजला नाही, नुसता निरोप आला : ‘आई, मीटिंग लांबलीये. रविवारी पण. साडेसहाला करते. तुझी गर्दी पळू देऊ नकोस!’

बाईंचा जीव भांड्यात पडला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की भांडंही रिकामंच आहे. दीड तासात दहा माणसं कुठून आणायची? त्यांच्या नजरेपुढे खोकी आली, निळी खोली आली, मोहरीएवढी डोकी आली. त्या उठल्या. कपाटातून जुना खाकी कोट काढून त्यांनी मागच्या रांगेतल्या खुर्चीच्या पाठीला अडकवला. दुसरीवर शाल टाकली. लांबून, अंधूक उजेडात, माणूस वाटायला हरकत नव्हती. त्या दोन पावलं मागे सरल्या आणि कोटाकडे पाहत राहिल्या. कोटाचा एक हात खाली लोंबत होता.

त्यांनी कोट काढला, घडी केली आणि परत कपाटात ठेवला.

*

सहाला दोन मिनिटं कमी असताना दातांचे डॉक्टर आले. हातात तिकीट.

"गेले का पाहुणे? वा, आवरलंतही सगळं," असं म्हणता म्हणता त्यांना सँडविचचा डोंगर दिसला आणि ते थांबले. "शंभर केली होतीत का? अजून शंभरच दिसतायत."

"घ्या ना डॉक्टर," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

"नऊ खुर्च्या उचलायच्या तर अंगात ताकद हवीच," असं म्हणून डॉक्टर खिडकीजवळच्या सीटवर बसले. ती त्यांची नव्हती, विमानातली होती. बसल्यावर ते "अरे वा!" म्हणाले आणि उठायचं विसरले.

मग सर आले, मुलगी आली, पहिल्या मजल्यावरचं एक जोडपं आलं, सगळ्यांच्या हातात पुठ्ठ्याचे तुकडे. वाट अरुंद, खुर्च्या एकमेकींत अडकलेल्या. मागच्याने पुढच्याची काढल्याशिवाय आपली निघेना, आणि पुढचा सँडविच खात बसलेला.

"अहो, तुम्ही माझ्या खुर्चीवर बसलात."

"मग तुम्ही माझ्यावर बसा. माझीवर, म्हणजे."

"सर, तुमचं स्टूल वर गेलं हो! उतरू कसं?"

"सांगितलं होतं! फिरू नका म्हणून सांगितलं होतं!"

शेवटी कुंडीवाली आली. ती दारात उभी राहिली. तिने टेबल पाहिलं, अख्खे केक पाहिले, मग ट्रेमधले कप. त्रेचाळीस कप, उपडे, कोरडे ठणठणीत. तिने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. चार वर्षांत तोंड फाटेल इतकं बोलायचं साचलं होतं, आणि बाईंना वाटलं, आता ती बोलणार. बोलायला आयती संधी होती.

कुंडीवाली सरळ पुढे आली, पहिल्या रांगेत बसली आणि म्हणाली, "अगं, चहा टाकतेस की नाही? घसा सुकला माझा."

त्या ‘अगं’वर बाईंना एकदम स्वयंपाकघरात जावं लागलं. चहा टाकायला, आणि पदर डोळ्याला लावायला.

*

साडेसहाला फोन वाजला तेव्हा घरात सतरा माणसं होती, आणि डॉक्टर मोठ्याने सांगत होते की माणूस खोटं बोलतो पण दात बोलत नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीने दोन बटणं दाबून फोन टीव्हीला जोडला आणि भिंतीवर लेकीचा चेहरा प्रकट झाला, परातीएवढा.

"बाप रे, आई!" लेकीचे डोळे रांगांवरून फिरले. "एक, दोन, तीन... बारा, चौदा... अगं, किती माणसं ही! आणि बसमध्ये बसल्यासारखी का बसलीयेत? जाऊ दे. हरले मी. तू जिंकलीस. घराचा विषय बंद."

झालं होतं. बाईंनी नुसतं गप्प राहायचं होतं. पण एकतीस वर्षांत त्यांनी साक्षात स्वतःच्या सासूलाही विनातिकीट बसू दिलं नव्हतं.

"विषय बंद नको करूस," त्या म्हणाल्या. "ज्यांना बोलावलं होतं त्यातलं एकही आलं नाही. ही माणसं खुर्च्या परत न्यायला आलीत."

खोलीत सगळे एकदम चपापले. कुणी कप खाली ठेवला, कुणी तिकीट खिशात लपवलं.

"कसल्या खुर्च्या?" लेकीने विचारलं.

"मी मागून आणल्या होत्या. बत्तीस."

"कुणाकडून?"

"यांच्याकडून. घरोघरी जाऊन."

"मागितल्यास आणि दिल्या?"

"मग खुर्च्याच तर होत्या. आठ तर हिने दिल्या, जिच्याशी माझं चार वर्षं भांडण आहे."

"होतं," कुंडीवाली म्हणाली.

भिंतीवरचा तो मोठा चेहरा आधी हसला, मग हसू तसंच ओठांवर राहिलं आणि डोळ्यांतून निघून गेलं. कंडक्टरबाईंनी हजारो चेहरे वाचले होते. कुणाचा स्टॉप चुकलाय ते त्यांना लांबून कळायचं. हा चेहरा त्यांनी रोज फोनवर पाहिला होता आणि वाचला मात्र आज.

"आई," लेक म्हणाली, "मला इथे कुणी एक खुर्ची देईल का गं?"

"का नाही देणार?"

"कुणाच्या दाराशी जाऊ? समोर कोण राहतं तेसुद्धा मला माहीत नाही. पाच वर्षं झाली. त्यांच्या चपला ओळखते मी, नुसत्या चपला." तिने नाक ओढलं. "ती निळी खोली तुझ्यासाठी नव्हतीच गं. तू एकटी आहेस म्हणून मी... म्हणजे मीच..."

सतरा माणसं टीव्हीकडे न बघता आपापल्या गुडघ्यांकडे बघत होती. व्हायोलिनच्या सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"पुढच्या रविवारी तू ये," बाई म्हणाल्या. "खोकी नको आणूस. नुसती ये. आणि आत्ता ऊठ."

"कुठे जाऊ?"

"समोर. घंटा वाजव आणि खुर्ची माग."

"आई, वेडी आहेस का? मला खुर्ची कशाला? दोन आहेत माझ्याकडे. एकीवर मी बसते, एकीवर कपडे असतात."

"माझ्याकडे चार होत्या. ऊठ."

"काय सांगू त्यांना?"

"फार सांगायचं नाही," पहिल्या रांगेतून कुंडीवाली म्हणाली. "तुझी आई आली, म्हणाली ‘खुर्च्या हव्यात’, संपलं. मी तर आधी विचारलं, कोण गेलं?"

"असं नका सांगू हो तिला!" डॉक्टर म्हणाले. "पोरी, सरळ हसून माग. दात दिसले की माणूस निम्मा पाघळतो."

लेक उठली. केस सारखे केले. पडद्याबाहेर गेली. दाराचा आवाज आला, आणि मग टीव्हीवर उरली एक रिकामी खोली. टेबल, कपड्यांनी भरलेली खुर्ची, आणि मागे उघड्या दारातून दिसणारी फिकट निळी भिंत.

सतरा माणसं त्या रिकाम्या खोलीकडे टक लावून बसली. मिनिट गेलं. दोन गेली.

"घरी नसतील," मुलगी पुटपुटली.

"चपला बघितल्या असतील तिने. त्या दारात असतील तर माणसंही घरीच."

"रंग छान आहे हो खोलीचा."

चार मिनिटं. कुणीतरी धापा टाकत दारातून आत आलं आणि मागच्या सीटवर टेकलं. बाईंनी वळून पाहिलं. ड्रायव्हर होता. पायात घरातल्या सपाता, एक उजवी, एक दुसऱ्याच जोडीची.

"फोन लागला नाही," तो कुजबुजला. "म्हणजे केलाच नाही. सरळ आलो. काय चाललंय?"

"गप्प बसा," शेजारची म्हणाली. "ती खुर्ची आणायला गेलीये."

ड्रायव्हरने हे ऐकून शहाण्यासारखी मान हलवली, आणि तोही रिकाम्या खोलीकडे बघू लागला.

सात मिनिटं. बाईंनी साडीचा काठ इतका पिळला होता की त्याची दोरी झाली होती. आपण हे काय करून बसलो? नाही म्हणाले असतील. दारच उघडलं नसेल, आणि पोर जिन्यात एकटी उभी असेल, आत यायची लाज वाटून.

नवव्या मिनिटाला पडद्याच्या कडेला काहीतरी आलं. लाकडी पाय. आधी दोन, मग चार. खुर्ची आडवी होऊन दारात अडकली होती.

"तिरकी करा!" बाई ओरडल्या.

"खालून उचला!" सर उभे राहिले.

"कोण बोलतंय?" एक अनोळखी आवाज आला. लेकीचा नव्हता. मग खुर्ची सुटली आणि तिच्या मागून पन्नाशीच्या एक बाई आत आल्या, केसांना अर्धा रंग लावलेला, खांद्यावर टॉवेल. खुर्चीचं दुसरं टोक लेकीच्या हातात होतं, आणि लेक हसत होती की रडत होती ते इतक्या मोठ्या पडद्यावरही कळत नव्हतं.

"ही माझी आई," लेक म्हणाली. "आणि तिची माणसं."

त्या बाईंनी वाकून पडद्यात पाहिलं. अठरा चेहरे, रांगेत, त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी घाईघाईने टॉवेल डोक्यावर ओढला. मग खुर्ची जमिनीवर नीट टेकवली, कंबरेवर हात ठेवला आणि विचारलं, "अगं, पण हवी कुणासाठी होती ही?"

लेकीने आईकडे पाहिलं.

"तुमच्यासाठी," कंडक्टरबाई म्हणाल्या. "बसा ना."